वत्तलाचं पाणी

कुंभकोणात रघूत्तमराव कोण म्हणून विचारलं असतं, तर शेजारच्या आळीतल्या माणसानंही नकारार्थी मान हलवली असती. पण ‘तक्काळी वाद्यार’ म्हणा, रिक्षावाला थेट चक्रपाणीच्या देवळामागे, हिरव्या दाराच्या घरापुढे नेऊन सोडी. तक्काळी म्हणजे टोमॅटो, वाद्यार म्हणजे मास्तर. शाळेतल्या पोरांनी चेष्टेनं ठेवलेलं नाव ते. रघूत्तमरावांना मात्र ते मानाचं वाटे. आपली चेष्टाही ज्याला मानाची वाटते, त्या माणसापुढे हात टेकायचे, दुसरं काय करणार?

घराणं मराठी. तंजावरच्या मराठी राजांच्या वेळी कुणी पूर्वज इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. वैष्णव माणसं, गोपीचंदन, एकादशी, चातुर्मास, सगळं जिथल्या तिथे. उंबऱ्याच्या आत मराठी, तीही इतकी जुनी की पुण्याकडचा पाहुणा ऐकून गालात हसे. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. रघूत्तमराव शाळेत नववीपर्यंतच्या वर्गांना विज्ञान शिकवत. बायको सीतालक्ष्मी, इन्नंबूरची, पाचवी शिकलेली. मुलगी एकच, अंबुजा. एवढंच घर.

१९८१च्या उन्हाळ्यात ते कुणाच्या तरी मुंजीला पापनाशम्‌ला गेले होते, तिथे हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. बाजाराच्या कडेला टोमॅटोचे ढीग सडत पडले होते, गाईसुद्धा तोंड फिरवून जात होत्या. पलीकडे आरोग्याचं प्रदर्शन भरलेलं. तिथे एक बाई तक्ते लावून सांगत होत्या, की टोमॅटोत शंभरात चौऱ्याण्णव भाग नुसतं पाणी असतं. उन्हात ते उडून जातं आणि उरतं ते सत्त्व. दहा किलोचं अर्धा-पाऊण किलो होतं, पण त्या मूठभरात लोह, पोटॅशियम, डोळ्यांना लागणारं जीवनसत्त्व, पोट साफ ठेवणारा चोथा, सगळं एकवटलेलं असतं. बरणीत वर्षभर टिकतं. पालेभाजीबरोबर खाल्लं तर भाजीतलं लोहसुद्धा अंगी लागतं. बाई बोलल्या ते खरंच होतं, त्यात वावगं काही नव्हतं. पण ऐकणाऱ्यांत रघूत्तमराव होते ना!

मुंजीचं जेवण राहिलं बाजूला. ते दोन पोती टोमॅटो घेऊन घरी आले आणि पोती सीतालक्ष्मीपुढे उतरवली. त्या मुलखात उन्हात वाळवून ठेवलेल्या भाजीला वत्तल म्हणतात. सुंडक्काय म्हणजे वाटाण्याएवढी कडू रानवांगी, कारली, गवार यांची वत्तलं सीतालक्ष्मीची आईही करी. टोमॅटोचं मात्र कुणी करत नसे. एक तर ते परदेशातलं फळ, जुन्या बायका त्याला शिवत नसत. आणि दुसरं, त्याला पाणी सुटतं, दोन दिवस ऊन कमी पडलं की बुरशी येते. सीतालक्ष्मीनं तसं म्हणून पाहिलं. रघूत्तमराव म्हणाले, तू पाचवी शिकलीस, मी बी.एस्सी. झालो. संपलं बोलणं.

मग दर उन्हाळ्यात हेच. पहाटे उठून टोमॅटो धुवायचे, उभे चिरायचे, चिरलेली बाजू वर करून कोरेच्या गवती चटईवर मांडायचे, प्रत्येकावर मीठ भुरभुरवायचं. दुपारी बाराच्या उन्हात गच्चीवर चढून एकेक उलटायचा. कावळे हाकलायचे. दव पडायच्या आत सगळं खाली आणायचं, सकाळी परत वर. पाच-सहा दिवसांनी वाकवला तर चामड्यासारखा वाकावा, तुटू नये, की भरला बरणीत. आंबट रस आणि मीठ लागून लागून सीतालक्ष्मीच्या बोटांना भेगा पडत. वैशाखभर तिला हातानं जेवता येत नसे, चमच्यानं जेवे. गच्चीवर रघूत्तमराव फक्त संध्याकाळी जात, मोजायला.

आणि बोलायला. लग्न असो, बारसं असो, बाराव्याचं जेवण असो, शेजारी बसलेल्या माणसाची सुटका नसे. लोह रक्ताला, पोटॅशियम हृदयाला, तांबडा रंग कातडीला, असं बोटांवर मोजत सांगत सुटत. पुरावा म्हणून अंबुजाला पुढे करत. बघा हिचे दात, बघा केस, चष्मा आहे का? अंबुजाला ते आवडे. लहानपणापासून ती अण्णांची. आई म्हणजे स्वयंपाकघरातली, अण्णा म्हणजे जगातले. पोरीनं कुणाचं ऐकायचं ते ठरलेलंच होतं.

त्यांच्या विज्ञानाचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे पाणी फेकायचं नाही. जीवनसत्त्वं, क्षार पाण्यात विरघळतात, हे नववीच्या पुस्तकातच आहे. म्हणून भाताची पेज प्यायची, पालेभाजी उकडलेलं पाणी सारूत घालायचं आणि वत्तल भिजवलेलं पाणी तर अमृत. सारू म्हणजे आपलं आंबट पातळ सार. त्या घरात दुसऱ्या पाण्याचं सारू कधी झालंच नाही. एकदा सीतालक्ष्मीनं वत्तल भिजवलेलं वाटीभर पाणी चुकून सांडलं, तर पाहुण्यांदेखत त्यांनी तिला पुस्तक आणायला लावलं आणि तो परिच्छेद मोठ्यानं वाचून घेतला. तिला तमिळ वाचताना अडखळायला होई. पाहुणे खाली बघत बसले. रघूत्तमरावांनी मात्र परिच्छेद संपेपर्यंत तिला सोडलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. अंबुजाचं लग्न झालं, ती मद्रासला गेली, सात वर्षं तिला मूल नव्हतं. सीतालक्ष्मीनं कुठल्या देवाला म्हणून नवस करायचा ठेवला नाही. १९९२च्या उन्हाळ्यात पत्र आलं की दिवस राहिलेत. पहिलं बाळंतपण माहेरचं. सीतालक्ष्मी पत्र घेऊन गच्चीवर गेली आणि एकटीच रडली, कारण खाली रघूत्तमराव हे कशामुळे झालं ते शेजाऱ्यांना सांगत होते. कशामुळे, ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्याच उन्हाळ्यात तिचे पाय सुजायला लागले. सकाळी डोळ्यांखाली फुगे, जिना चढली की धाप, तोंडाला सारखी धातूसारखी चव. रघूत्तमराव म्हणाले, लोह कमी पडतंय. सारू वाढलं. शेवटी साक्कोट्टैची तिची चुलतबहीण वत्सला आली, तिनं पायावर बोट दाबलं, खड्डा पडला तो भरूनच येईना. ती बाई भांडखोर होती म्हणून बरं. तिनं रघूत्तमरावांना दारातच चार शब्द सुनावले आणि सीतालक्ष्मीला डॉक्टर सुंदरेशकडे नेलं. रघूत्तमराव मागोमाग गेले, कारण डॉक्टरशी विज्ञानाचं बोलायला बायका कशा पुरणार?

सुंदरेश पस्तिशीतला, बोलायला मऊ. रक्त तपासलं, लघवी तपासली. रक्तदाब इतका चढलेला की त्यानं दोनदा मोजला. म्हणाला, बरीच वर्षं दाब वाढलेला असणार, मूत्रपिंडं जवळजवळ गेली आहेत. घरात मीठ जास्त असतं का? सीतालक्ष्मीनं आपल्या बोटांकडे पाहिलं. रघूत्तमरावांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की आमच्या घरात जास्त असतं ते सत्त्व, आणि पिशवीतून वत्तलाची पुडी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरनं एक तुकडा उचलून पाहिला. मग सावकाश सांगितलं. “धडधाकट माणसाला याच्यासारखं चांगलं काही नाही, सर. यात पोटॅशियम भरपूर. पण जास्तीचं पोटॅशियम मूत्रपिंडानं बाहेर टाकायचं असतं, आणि यांचं टाकत नाही. ते रक्तात साठत जाईल, आणि एका मर्यादेबाहेर गेलं की हृदय थांबेल. यांना हे विष आहे.”

एवढ्या बोलण्यातलं रघूत्तमरावांनी पहिलं वाक्य उचललं आणि बाकीचं तिथेच ठेवून दिलं. पुढे कुठेही विषय निघाला की म्हणत, डॉक्टरनं स्वतः कबूल केलं, याच्यासारखं चांगलं काही नाही म्हणून.

सीतालक्ष्मीनं सगळं ऐकलं होतं. उठता उठता तिनं हात जोडले आणि डॉक्टरला विचारलं, मुलीचं बाळ हातात घेईपर्यंत मी राहीन का? तिला तेवढंच हवं होतं. त्यापुढचं आयुष्य तिनं मागितलंच नाही. डॉक्टर म्हणाला, राहाल, त्यापुढेही दोन-तीन वर्षं राहाल, पथ्य पाळलंत तर. मीठ नाही, केळं नाही, शहाळं नाही, वत्तल तर डोळ्यांनीही बघायचं नाही. दुसरी कुठली भाजी खायचीच असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायची, उकडायची, ते पाणी फेकायचं, मग खायची.

पाणी फेकायचं! रघूत्तमरावांना खुर्चीत चटका बसल्यासारखं झालं. हा एवढासा पोरगा, एम.डी. झालेला, आणि नववीचं पुस्तक याला माहीत नाही?

तरीही पहिला महिना निभावला, आणि तो देवानं निभावला. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. या वैष्णव घरांत चातुर्मासाचा पहिला महिना शाकव्रताचा असतो. भाजी म्हणून महिनाभर तोंडात घालायची नाही, ओली नाही की वाळलेली नाही. वत्तलाच्या बरण्यांना फडकी बांधून त्या फळीवर चढल्या. रघूत्तमराव विज्ञान कितीही सांगोत, व्रत मोडायची त्यांची छाती नव्हती. भात, मुगाची डाळ, ताक, असं चाललं. आणि सीतालक्ष्मीची सूज उतरली! धाप कमी झाली. ती देवळापर्यंत चालत जाऊन आली. डॉक्टरनं रक्त पाहिलं आणि खुश होऊन म्हणाला, छान, असंच चालू ठेवा.

आता तुम्ही-आम्ही काय समजलो असतो? आंधळ्याला दिसेल असं होतं ते. पण रघूत्तमरावांनी घरी येऊन बायकोला समजावलं की अकरा महिने खाल्लेल्या वत्तलाचं सत्त्व अंगात मुरायला महिनाभर उसंत मिळाली, त्याचा हा गुण. डॉक्टर ‘चालू ठेवा’ म्हणाला, तेव्हा चालूच ठेवायचं. श्रावणात व्रत संपलं त्या दिवशी त्यांनी स्वतः फळीवरची बरणी उतरवली.

सीतालक्ष्मीनं जन्मात पहिल्यांदा नाही म्हटलं. मला नको. डॉक्टरानं वत्तल खाऊ नको म्हणून सांगटलं. तिच्या मराठीत ‘सांगितलं’ नव्हतं, ‘सांगटलं’ होतं. रघूत्तमराव दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना तोड सापडली, आणि ती सापडल्यावर इतका आनंद झाला की शाळेच्या अर्ध्या वाटेवरून ते सांगायला परत आले. म्हणाले, डॉक्टर म्हणतो भिजव, उकड, पाणी फेक. का फेक? कारण सगळं पाण्यात उतरतं. हे तो स्वतःच सांगतोय. मग तुकडे तुला जड पडत असतील तर तुकडे मी खातो, तू पाणी पी. त्याचंही ऐकल्यासारखं झालं, सत्त्वही वाया गेलं नाही.

“सगळं पाण्यात उतरतं म्हणूनच फेकायला सांगटलं,” सीतालक्ष्मी म्हणाली.

पाचवी शिकलेल्या बाईला जे कळलं, ते बी.एस्सी.ला कळलं नाही. कळायचं नव्हतंच त्यांना. इतक्या वर्षांत त्यांनी आळीतल्या, गावातल्या, लग्नातल्या हजार माणसांना जे सांगितलं, ते एका बाईच्या मूत्रपिंडापायी खोटं ठरवायचं की काय? ते हसले. मुलाला समजवावं तसे हसले आणि म्हणाले, तुझ्या कानांवर झालाय परिणाम, तू उलटं ऐकलंस.

तेव्हापासून रोज सकाळी मूठभर वत्तल गरम पाण्यात भिजे, उकळे, आणि तांबड्या पाण्याचा पितळी पेला सीतालक्ष्मीपुढे येई. ते शाळेला निघण्याच्या गडबडीत असत. ती ‘पिते’ म्हणे आणि त्यांची पाठ वळली की मोरीत ओती. भाद्रपद, आश्विन तिनं असे काढले. रोज सकाळी एक खोटं बोलायचं आणि एक दिवस जगायचं. ती पाठीमागच्या भिंतीवर कोळशानं महिन्याची रेघ ओढत असे. पौषात बाळ येणार होतं.

कार्तिकात अंबुजा बाळंतपणाला आली. सातवा सरून आठवा लागलेला, अंगानं भरलेली, तोंडावर तेज. रघूत्तमरावांनी तिलाही तोच पेला सुरू केला आणि तिला तो मानवलाच की! भूक लागली, चक्कर थांबली. सुईणबाईंनी रक्त तपासून आणलं तर लोह मद्रासला असताना होतं त्याहून वर. वत्तल पालकाबरोबर जाई, लोह अंगी लागे, त्यात खोटं काय? रघूत्तमराव तो कागद खिशात घालून गावभर फिरले.

सीतालक्ष्मीनं मुलीला एक दिवस वेणी घालताना सांगून पाहिलं. डॉक्टरनं काय म्हटलं ते, पाण्याचं, हृदयाचं, सगळं. अंबुजा आरशात बघत होती. म्हणाली, “अण्णा तुझं वाईट करतील काय, आई?”

करतील म्हटलं तर मुलगी तुटते. नाही म्हटलं तर पेला प्यावा लागतो. सीतालक्ष्मीनं वेणी पुरी केली, फूल माळलं. वत्सला असती तर बरं झालं असतं, पण ती मुलाकडे त्रिचीला गेली होती.

आणि मग ते मोरीचं उघडकीला आलं. एका रविवारी रघूत्तमराव पाय धुवायला गेले तर सिमेंटवर तांबूस डाग, जुन्यावर नवा, नव्यावर नवा. खाली वाकून त्यांनी बोट लावलं, वास घेतला. मग ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी अंबुजाला हाक मारली, तिचा हात धरून मोरीपाशी आणलं, डाग दाखवला आणि सीतालक्ष्मीला समोर उभं करून म्हणाले, “बघ. तुझं बाळ बघायला ही जगावी म्हणून मी धडपडतोय. आणि ही रोज ते मोरीत ओततेय. हिला जगायचंच नाही.”

अंबुजा रडायला लागली. सात वर्षं वाट बघून आलेलं पोट घेऊन ती आईपुढे उभी राहिली, पेला स्वतः भरून आणला आणि म्हणाली, “माझ्यासाठी पी ना, आई.”

रघूत्तमराव बाजूला झाले. त्यांना आता काही करावंच लागणार नव्हतं. सीतालक्ष्मीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता, आणि तो त्यांना दिसला. त्यांना वाटलं, पकडली गेली म्हणून रागावली. मग तिनं मुलीच्या पोटाकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला.

त्या दिवसापासून रोज दहा वाजता अंबुजा आपल्या हातानं पेला देई आणि रिकामा होईपर्यंत उभी राही. आईचं बघून तीही आपला पेला पिई, दोघी बरोबर. रघूत्तमरावांना हे चित्र फार आवडलं. तिसऱ्या आठवड्यात सीतालक्ष्मीला हातापायांत जोर राहीना. सुपातले तांदूळ निवडता निवडता बोटं उघडीच राहत. छातीत मध्येच एक ठोका चुकल्यासारखा होई. डॉक्टरकडे जाऊ या, असं ती दोनदा म्हणाली. रघूत्तमरावांना डॉक्टरचं तोंड बघायचं नव्हतं. ते म्हणाले, ही अशक्तता आहे, दुसरं काही नाही, आणि संध्याकाळचाही एक पेला सुरू केला.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी, सकाळचा पेला पिऊन, सीतालक्ष्मी भिंतीला टेकून बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवत बसली होती. अंबुजा शेजारी सुईत दोरा ओवून देत होती. सुई घ्यायला आईचा हात पुढे झाला, तो तसाच खाली गेला. ओरडणं नाही, तडफड नाही. अंबुजाला वाटलं डुलकी लागली. शेजारचे सेतूअण्णा सुंदरेशला घेऊन येईपर्यंत अंग गार पडायला लागलं होतं. बाळाला यायला अजून महिना होता.

तेराव्यानंतर रघूत्तमराव दवाखान्यात गेले. खरं म्हणजे ते जाब विचारायला गेले होते. दोन-तीन वर्षं जगेल म्हणून सांगितलंत आणि सहा महिन्यांत गेली कशी? मी एकही गोष्ट चुकवली नाही. तुम्ही म्हणालात तसं भिजवलं, उकळलं, तुकडा एक दिला नाही. पाणी मात्र थेंब वाया जाऊ दिलं नाही, शेवटी शेवटी दोन-दोन पेले दिले.

सुंदरेशनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग उठून त्यानं खोलीचं दार लोटलं, बाहेरच्या पेशंटांना ऐकू जाऊ नये म्हणून.

“सर, ते पाणी तेवढं द्यायचं नव्हतं,” तो म्हणाला. “उकडलेले तुकडे दिले असतेत तरी एक वेळ चाललं असतं. वत्तलातलं सगळं पोटॅशियम तुम्ही गाळून तिला पाजलंत. त्यानंच हृदय थांबलं.”

रघूत्तमराव विज्ञानाचे मास्तर होते. हे समजायला त्यांना दुसऱ्यांदा ऐकावं लागलं नाही. खरं तर पहिल्यांदाही लागलं नव्हतं. श्रावणात चुलीपाशी उभं राहून बायकोनं एका वाक्यात सांगितलं होतं. डॉक्टरनं पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, बरं, येतो.

दवाखान्यापासून घर काही लांब नव्हतं, पण त्यांना तासभर लागला. महामहं तळ्याच्या पायऱ्यांवर ते बसले. आधी त्यांना रडू आलं, खरंच आलं, आणि येऊ दे, माणूस होते. सीतालक्ष्मीच्या भेगा पडलेल्या बोटांची आठवण झाली. मोरीपाशी तिनं पाहिलं होतं ते आठवलं. आणि मग, रडू ओसरत आलं तसं, दुसरं आठवलं. सेतूअण्णा काय म्हणतील? शाळेत काय म्हणतील? त्रिचीहून वत्सला येईल तेव्हा दारात उभी राहून काय म्हणेल? तक्काळी वाद्यारानं बायकोला तक्काळी पाजून मारलं. गावातलं शेंबडं पोरसुद्धा म्हणेल. उठले तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते.

अंबुजा दारातच बसली होती, दिवस भरत आलेली, पाय पसरून. डॉक्टर काय म्हणाले अण्णा, तिनं विचारलं. आपलं काही चुकलं का?

या घटकेला त्यांना काय काय म्हणता आलं असतं! चूक माझी, म्हणता आलं असतं. मुलीनं आपल्या हातानं पाजलं होतं, तिला ते सोसलं नसतं, हे मान्य. मग वेळ भरली होती, देवानं नेली, एवढं म्हणता आलं असतं. वैष्णवाच्या तोंडी ते शोभलंही असतं. तेवढंही त्यांनी बायकोला दिलं नाही. कारण देवानं नेली म्हटलं की वत्सला पुढे विचारणारच, अहो पण सूज उतरली होती ना? त्यांना असं उत्तर हवं होतं, की ज्याच्यापुढे कुणी काही विचारणार नाही.

“ती चोरून लोणचं खायची,” ते म्हणाले. “रक्तात मीठच मीठ निघालं. आपण एवढं केलं, पण तिच्या जिभेपुढे इलाज चालला नाही.”

अंबुजानं पदर तोंडाशी धरला. तिला धक्का बसला, पण खरं वाटायला वेळ लागला नाही. मोरीत ओतणारी बाई लोणचं का खाणार नाही? आणि सुटल्यासारखंही वाटलं असेल तिला, कोण जाणे. आपल्या हातून काही झालं नाही ना, मग झालं. पण त्या सुटकेमागून राग आला. मला जगायचंय, नातवंड बघायचंय म्हणून रडायची, आणि चार फोडी सोडवल्या नाहीत हिला! बाळ झालं, मुलगी झाली, तेव्हा अंबुजानं तिला आजीचं नाव ठेवू दिलं नाही. रघूत्तमरावांनीही आग्रह धरला नाही.

वत्सला आली होती बाराव्या-तेराव्यानंतर महिन्यानं. ती भांडायला आली होती आणि लोणच्याचं ऐकून गप्प बसली. मीठ नको म्हणून डॉक्टरनं सांगितलेलं तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. जाताना रघूत्तमरावांना म्हणाली, मी तुम्हाला काय काय बोलले होते, मनात ठेवू नका.

वर्षश्राद्धाला पन्नासेक पानं झाली. ब्राह्मण उठल्यावर घरच्या माणसांच्या पंगती बसल्या. मद्रासहून आलेल्या एका भाचीनं अंबुजाला विचारलं, मामी एवढ्यात कशानं गेली गं, धडधाकट तर होती. अंबुजा मांडीवरच्या मुलीला भात भरवत होती. तिनं वर न बघता सांगितलं, की जिभेवर ताबा नव्हता तिला, चोरून खायची. अण्णांनी इतकं जपलं, स्वतः उकळून द्यायचे सगळं, पण तिनंच जिवाचं करून घेतलं. पंगतीतल्या दोन-चार बायकांनी चुकचुक केली. एक म्हणाली, असतात अशी माणसं, करणाऱ्याचं काही चालत नाही. रघूत्तमराव वाढायला उभे होते, हातात सारूचं पातेलं. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि पुढच्या पानाकडे वळले.